मिरजेतला न्यूरो आयसीयू: डोक्यात नळी असलेल्या पेशंटची काळजी

मिरजेतल्या एका खासगी दवाखान्याच्या न्यूरो आयसीयूबद्दल लिहितेय. नाव घालत नाही. यात कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि ज्या सिस्टर्सनी रात्र रात्र जागून काम केलं त्यांच्यावर कुणाचा रोष येऊ नये असं मला वाटतं. तुमचा पेशंट मिरजेत न्या, सांगलीत न्या नाहीतर कोल्हापुरात, डोक्यात नळी टाकायची वेळ आली तर काय बघायचं आणि काय विचारायचं, ते यातून कळावं एवढ्यासाठी सविस्तर लिहिते.

मी फार्मासिस्ट आहे, तासगावात आमचं मेडिकल आहे. पेशंट म्हणजे माझे सासरे, मणेराजुरीचे द्राक्ष बागायतदार. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, बीपी जुना. मेंदूत रक्तस्राव झाला, ते रक्त मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत उतरलं आणि तिथलं पाणी तुंबलं. तासगावातून सांगलीमार्गे मिरजेला पोचेपर्यंत अण्णा हाकेला ओ देत नव्हते. सिटी स्कॅन झाल्या झाल्या सर्जन म्हणाले, पाणी बाहेर काढायला आत्ताच्या आत्ता नळी टाकावी लागेल. या नळीला ईव्हीडी म्हणतात.

पहिली चांगली गोष्ट इथेच घडली. घाई असूनही सर्जननी आम्हाला उभ्या उभ्या सही करायला लावली नाही. सिटीच्या पाकिटावर पेनाने डोकं काढून दाखवलं. मेंदूच्या पोकळ्यांत दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. एका वेळी मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती मिळून साधारण १५० मिलिलिटरच असतं. म्हणजे ते दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. वाट बंद झाली की तयार होणं थांबत नाही, दाब वाढत जातो. कवटीला पुढच्या बाजूला छोटं छिद्र पाडून नळी पोकळीत सोडतात. मग ती त्याच छिद्रातून सरळ बाहेर न काढता डोक्याच्या कातडीखालून काही सेंटीमीटर पुढे नेऊन दुसऱ्या जागेतून काढतात. असं का, हे मी विचारलं. त्वचेवरच्या जंतूंना आत जायला जितका लांबचा रस्ता तितकं बरं, हे उत्तर मिळालं. धोके त्यांनी दोनच सांगितले, पण नीट सांगितले: नळी टाकताना रक्तस्राव आणि नंतर इन्फेक्शन. इन्फेक्शनचं प्रमाण जगभरच्या अभ्यासांत फार वेगवेगळं येतं. कुठे शंभरात एक-दोघांना, तर कुठे दहांहून अधिक जणांना. "नळी टाकायला अर्धा-पाऊण तास. ती स्वच्छ ठेवायची ते काढेपर्यंत," असं ते म्हणाले.

आता अँटिबायोटिकचं. घरात सगळ्यात मोठा वाद यावरून झाला आणि माझा या दवाखान्यावर विश्वास बसला तोही यावरूनच.

अण्णांना ऑपरेशन थिएटरमध्ये चीर देण्याआधी सेफाझोलिनचा एक डोस दिला. भूलतज्ज्ञांच्या कागदावर वेळ लिहिलेली होती, चिरेच्या आधी तासाभराच्या आतली. त्यानंतर मेंदूच्या नळीसाठी म्हणून अँटिबायोटिक बंद. दुसऱ्या दिवशी औषधांची यादी हातात आली तेव्हा मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. फिटचं औषध होतं, बीपीचं होतं, अ‍ॅसिडिटीचं होतं. अँटिबायोटिक नव्हतं.

माझे दीर गरम झाले. "वहिनी, एकच डोस? डोक्याला भोक पाडलंय, नळी अजून आतच हाय, आणि औषध बंद? पैसं आम्ही भरतोय की, भारीतलं लावायला सांगा." वेटिंग हॉलमधल्या आणखी दोघांनी मान डोलावली. त्यातल्या एकांनी सांगितलं, त्यांच्या पेशंटला दुसरीकडे नळी होती तोवर रोज दोन इंजेक्शनं चालू होती. त्यांचंही खोटं नव्हतं. नळी असेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं अनेक ठिकाणी होती, अजूनही आहे.

दिरांनी चिडून जी मागणी केली ती मी काउंटरवर रोज ऐकते. सर्दीला "ताकदीचं" द्या, कालच्याने फरक पडला नाही म्हणून आज दुसरं द्या. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम ही ताकदीची अँटिबायोटिक्स २०१४ पासून शेड्युल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. मी ते रजिस्टर मनापासून ठेवते. त्यातल्या नोंदी वाढत जाताना बघून मला भीती वाटते. म्हणून मिरजेत कुणीतरी ठामपणे "एकच डोस" म्हणतंय, हे बघून मला बरं वाटलं. पण घरच्यांना ते पटवायला माझं सांगणं पुरेसं नव्हतं, डॉक्टरांनीच सांगायला हवं होतं.

त्यांनी सांगितलं. संध्याकाळच्या राउंडनंतर सर्जन आणि आयसीयूच्या मॅडम दोघंही बाहेर आले. मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. चीर देताना त्वचेवरचे जंतू आत ढकलले जाण्याची शक्यता असते, त्या क्षणी रक्तात आणि कातडीत औषध हजर हवं. म्हणून डोस चिरेच्या आधी. नंतरच्या दिवसांतला धोका वेगळा असतो. जंतू नळीच्या पृष्ठभागावर चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, आणि नळीला रक्तपुरवठा नसतो. शिरेतून दिलेलं औषध त्या थरात पुरेसं पोचत नाही. मेंदूच्या पाण्यातही बरीचशी औषधं कमीच उतरतात. म्हणजे रोजच्या इंजेक्शनने नळीचं रक्षण होईल याची खात्री नाही. परिणाम मात्र सगळ्या शरीरावर होतो. आतड्यातले, त्वचेवरचे साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात. नंतर खरंच इन्फेक्शन झालं तर ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर किंवा क्लेब्सिएला असल्या जंतूंचं होतं. मग कोलिस्टिनसारख्या औषधावर जायची वेळ येते. ते किडनीला त्रास देतं आणि मेंदूच्या पाण्यात इतकं कमी पोचतं की काही वेळा थेट नळीतूनच सोडावं लागतं. शिवाय दीर्घ अँटिबायोटिकने होणारे जुलाब वेगळेच.

माझे दीर ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे दावण्याला सारखं एकच औषध मारत गेलं की पुढं बागेत त्याचा परिणामच होत न्हाई, तसं." मॅडमना दावण्या म्हणजे काय ते माहीत नव्हतं, द्राक्षावरचा बुरशीचा रोग, हे मी सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात अँटिबायोटिक लावा असं कुणी म्हटलं नाही. सांगली-तासगावच्या शेतकऱ्याला औषधाला दाद न देणारा रोग म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून बोलायला मात्र हवं.

घरी आल्यावर मी स्वतः वाचलंही. न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटी या मेंदूच्या आयसीयूतल्या तज्ज्ञांच्या संस्थेचं ईव्हीडीबद्दलचं मत २०१६ मध्ये आलं. त्यात नळी टाकण्याआधी एक डोस द्या आणि नळी आहे तोवर अँटिबायोटिक चालू ठेवू नका, असं स्पष्ट आहे. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: प्रक्रियेच्या वेळी द्या, पण नळी असेपर्यंत देत राहण्याचा फायदा अनिश्चित आहे म्हणून शिफारस नाही. या शिफारशींमागचे अभ्यास फार मोठे नाहीत, हे त्या तज्ज्ञांनीही लपवलेलं नाही. म्हणूनच दवाखान्यादवाखान्यांत पद्धत वेगळी दिसते. तरीही फायदा सिद्ध नसलेलं आणि तोटा माहीत असलेलं औषध न देणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण एक डोस देऊन गप्प बसणारं युनिट चांगलं असं मी म्हणणार नाही. अँटिबायोटिक बंद ठेवायचं तर बाकीची शिस्त तेवढीच कडक लागते. ती इथे होती की नाही, हे मी भेटीच्या वेळेत डोळ्यांत तेल घालून बघितलं.

अण्णांचे केस वस्तऱ्याने भादरलेले नव्हते, क्लिपरने कापलेले होते. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक चिरा पडतात आणि जंतू त्यात बसतात. नळीच्या जागेवर पारदर्शक ड्रेसिंग होतं. त्यामुळे प्रत्येक शिफ्टला सिस्टर ते न उघडता बघू शकत होत्या, खाली ओल आहे का, लाली आहे का. एका सकाळी ड्रेसिंगखाली ओल दिसली. पाणी नळीच्या आतून येण्याऐवजी कडेने झिरपत होतं. "बघू संध्याकाळी" असं कुणी म्हटलं नाही. रेसिडेंट डॉक्टर आले, टोपी-मास्क-गाऊन घातला, निर्जंतुक कापड पसरलं आणि एक टाका वाढवून जागा बंद केली. झिरपणं हे ईव्हीडीच्या इन्फेक्शनचं ओळखीचं कारण आहे, कारण ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात. त्या दिवशीची घाई मला फार मोलाची वाटली.

दुसरी शिस्त नळी न उघडण्याची. पूर्वी अनेक ठिकाणी रोज किंवा एक दिवसाआड पाण्याचा नमुना लॅबला पाठवायची पद्धत होती, इन्फेक्शन लवकर कळावं म्हणून. पण नमुना काढायचा म्हणजे बंद यंत्रणा उघडायची, आणि दर वेळी उघडताना धोका. इथे नेमाने नमुना घेत नाहीत, कारण असेल तरच घेतात. नळी ठरावीक दिवसांनी बदलतही नाहीत, कारण नवी नळी म्हणजे नवं छिद्र आणि नवा धोका. पिशवी बदलायची तर दोन सिस्टर असत. एकीचे हात निर्जंतुक, दुसरी सामान उघडून देणारी. बोलणं बंद, आणि पडद्याच्या आत नातेवाईक नाही. मला बाहेर काढलं तेव्हा मला आनंदच झाला.

उंचीची शिस्तही सांगते, कारण नातेवाइकांना ती माहीत नसते. पाणी जिथे ठिबकतं त्या कुपीची उंची पेशंटच्या कानाच्या पुढच्या उंचवट्याच्या पातळीवरून मोजतात. अण्णांच्या बेडवर चिकटवलेल्या कागदावर "कुपी १५ सेंटीमीटर" असं लिहिलेलं होतं. सिस्टर छोटी पाणसळ लावून पातळी बघत. कुपी खाली गेली किंवा पेशंटचं डोकं वर गेलं तर पाणी भराभर वाहतं, पोकळ्या कोसळतात आणि मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्तस्राव होऊ शकतो. कुपी वर राहिली तर पाणी तुंबतं. दर तासाला किती पाणी आलं, रंग कसा, हे लिहिलं जायचं. दाब मोजायचा तर नळीची वाट काही मिनिटं बंद करून आकडा स्थिर होऊ द्यायचा, कारण पाणी वाहत असताना येणारा आकडा खरा नसतो.

यातच एक चूक घडली, तीही सांगते. पोर्टेबल एक्स-रे काढायला आलेल्या माणसाने नळी बंद न करता बेडचं डोकं वर केलं. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या. त्यांनी तिथूनच ओरडून थांबवलं, धावत येऊन चिमटा लावला आणि पातळी पुन्हा बसवली. जास्तीचं पाणी थोडंच गेलं, अण्णांना काही झालं नाही. नंतर त्यांनी ती गोष्ट नोंदवहीत लिहिली आणि मॅडमनी आम्हाला स्वतःहून सांगितली. लपवली असती तर आम्हाला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी बेडच्या हँडलवर लाल पट्टी दिसली: "आधी नळी बंद करा. मग बेड हलवा. मग उघडा." ही पट्टी पहिल्या दिवसापासून सगळ्या बेडवर असायला हवी होती. एक्स-रे, फिजिओथेरपी, साफसफाई अशा बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना हे शिकवलेलं असायला हवं. याबद्दल माझी नाराजी आहे.

शेजारच्या बेडवर बाईकवरून पडलेला एक तरुण होता. त्याच्या डोक्यात नळी नव्हती, एक बारीक तार होती. पाणी काढायची गरज नसेल आणि फक्त दाब मोजायचा असेल तेव्हा मेंदूत अशी तार ठेवतात. त्यातून काही वाहत नाही, ती उघडावी लागत नाही, म्हणून तिचा इन्फेक्शनचा धोका नळीपेक्षा कमी. पण दाब वाढला तर तिच्यातून पाणी काढता येत नाही. मार लागलेल्या पेशंटमध्ये दाब २२ च्या (पाऱ्याचे मिलिमीटर) वर राहिला तर उपचार करायचे, ही मर्यादा ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली आहे. त्याच्या आईला मॉनिटरवरचा आकडा बघून धडकी भरायची. सिस्टरनी तिला समजावून सांगितलं की खोकला आला, सक्शन केलं म्हणजे कफ ओढून काढला की आकडा क्षणभर चढतो आणि उतरतो, चढून तसाच राहिला तर आम्ही धावतो. ती माउली अथणीकडची, कन्नड बोलणारी. सिस्टरनी हे सगळं कन्नडमध्ये सांगितलं. मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून अथणी, रायबाग, जमखंडीकडची माणसं इथे येतात. तरी अनेक दवाखान्यांत आजही सहीचा कागद फक्त इंग्रजीत असतो. इथे मराठीत होता. कन्नडमध्ये नव्हता, तोही हवा.

मग ताप आला. दुसऱ्या आठवड्यात अण्णांना थंडी वाजून ताप भरला आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मेंदूत रक्त झालेल्या पेशंटला ताप आणि पाण्यात पेशी वाढणं नुसत्या रक्तामुळेही होतं, त्यामुळे नळीचं इन्फेक्शन आहे की नाही हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. इथे त्यांनी क्रम चुकवला नाही. आधी सगळे नमुने: रक्त, लघवी, छातीतला कफ, आणि आता कारण होतं म्हणून नळीतलं पाणी. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी लाल पेशींच्या तुलनेत किती, साखर किती, हे बघितलं. नमुने गेल्यानंतर मग व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेम सुरू केलं. मेंदूच्या नळीत त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस सगळ्यात जास्त सापडतात, पण आपल्याकडच्या आयसीयूत ग्राम निगेटिव्ह जंतूही (क्लेब्सिएला, ई. कोलाय यांच्या गटातले) भरपूर, म्हणून दोन्ही बाजू झाकल्या. डोस किडनीच्या रिपोर्टप्रमाणे होता, मी बघितला, बरोबर होता.

कल्चरचा, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का याचा, रिपोर्ट आला. मेंदूच्या पाण्यात वाढ नाही, लघवीत ई. कोलाय. दोषी होती लघवीची नळी. त्याच दिवशी व्हॅन्कोमायसिन बंद झालं, मेरोपेनेमच्या जागी लघवीच्या रिपोर्टप्रमाणे साधं औषध थोड्या दिवसांसाठी आलं, आणि लघवीची नळी काढली. ही औषधं मी विकते, म्हणून मला ठाऊक आहे की सुरू झालेलं महागडं अँटिबायोटिक "कोर्स पूर्ण करू" म्हणून किती सहज रेटलं जातं. इथे न उघडलेल्या कुप्या आयसीयूतून खालच्या फार्मसीत परत गेल्या आणि बिलात वजा झाल्या. माझ्या व्यवसायात मी असं फार कमी वेळा बघितलंय. लॅबनेही पाण्याची प्लेट लगेच फेकली नाही. काही जंतू, विशेषतः त्वचेवरचा क्युटिबॅक्टेरियम, सावकाश वाढतात म्हणून १० दिवस ठेवून अंतिम रिपोर्ट दिला.

लघवीच्या नळीबद्दल मात्र तक्रार आहे. मेंदूच्या नळीवर एवढं लक्ष आणि लघवीची नळी गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली. अण्णा शुद्धीवर येऊन सांगायला लागले होते, तेव्हाच ती काढता आली असती. रोज सकाळी "ही नळी अजून हवी का?" हा प्रश्न पेशंटच्या प्रत्येक नळीबद्दल विचारला गेला पाहिजे. मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

मोठी तक्रार औषध भिनवलेल्या नळीची. ईव्हीडीच्या काही नळ्यांच्या सिलिकॉनमध्येच अँटिबायोटिक असतं, रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिन किंवा रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन. ते जागच्या जागी हळूहळू सुटतं, साऱ्या शरीरात फिरत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिनोसायक्लिन-रिफाम्पिसिनच्या नळीत इन्फेक्शन १.३ टक्के आणि साध्या नळीत ९.४ टक्के होतं. चांदी लावलेल्या नळीचा ब्रिटनमधला २०१२ चा अभ्यास आहे, त्यात २१.४ टक्क्यांवरून १२.३ टक्क्यांवर आलं. वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांनी औषधाच्या नळीची शिफारस केलेली आहे. सर्जननी आम्हाला तसा पर्याय आहे, महाग आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं. पण रात्री ती नळी दवाखान्यात शिल्लक नव्हती, आणि अण्णांना सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. साधीच टाकली. ब्रेन हॅमरेज वेळ बघून येत नाही. जो दवाखाना रात्री अकराला ईव्हीडी टाकतो त्याच्या कपाटात रात्री अकराला ही नळी असली पाहिजे, दोन तरी. पेशंटला परवडेल की नाही हे नंतर घरचे ठरवतील.

नळी काढायची वेळ आली तेव्हा आधी ती बंद करून बघतात, पेशंट स्वतःचं पाणी स्वतः जिरवू शकतो का. पहिल्यांदा बंद केली तेव्हा अण्णा पुन्हा गुंगीत गेले, दाब चढला, उघडावी लागली. तेव्हा कायमच्या शंटचा विषय निघाला, म्हणजे कातडीखालून पोटापर्यंत जाणारी नळी. सर्जननी तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १,६०५ पेशंटच्या अभ्यासाची माहिती दिली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या. शंटमध्ये औषध भिनवलेल्या नळीने इन्फेक्शन २ टक्के, साध्या नळीने ६ टक्के आणि चांदीच्या नळीनेही ६ टक्केच. म्हणून शंट लागलाच तर औषधाचाच घालू, चांदीच्या नावाने जास्त पैसे देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. एवढं सरळ बोलणारा सर्जन मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे. सुदैवाने दुसऱ्यांदा नळी बंद केल्यावर अण्णा टिकले, सिटी चांगला आला आणि नळी निघाली. शंट लागला नाही. नळी काढल्यावरही जागेला टाका घातला आणि तिथून पाणी येत नाही ना हे बघत राहिले.

बाकीचं थोडक्यात. वेटिंग हॉल लहान, पंखे कमी, डास फार. कॅन्टीन ठीक, चहा चांगला. सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांचा कक्ष तळमजल्यावर आहे. आमची केस विम्यात असल्यामुळे त्यांचा अनुभव नाही. बिलात "कन्झ्युमेबल्स" म्हणून एकच मोठा आकडा आला होता, मी तपशील मागितल्यावर दिला, पण मागावा लागला. आयसीयूच्या दाराशी हात धुवायचं बेसिन आहे आणि सिक्युरिटीवाले काका हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत, माझ्या नणंदेला दोनदा परत पाठवलं. एका रविवारी मात्र तिथला साबणच संपला होता आणि बराच वेळ कुणी भरला नाही. बाकी सगळं चोख असणाऱ्या युनिटमध्ये हे व्हायला नको.

डिस्चार्जच्या कार्डावर मराठीत लिहिलेलं आहे: ताप, मान कडक होणं, वाढती झोप, उलट्या, टाक्यातून पाणी, यातलं काहीही झालं तर वाट न बघता या. डिस्चार्जच्या औषधांत अँटिबायोटिक नाही. दिरांनी यादी वाचली आणि काही विचारलं नाही. अण्णा आता काठीने चालतात, उजव्या हाताला अजून फिजिओथेरपी चालू आहे.

आयसीयूच्या बाहेर एका फळ्यावर व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आणि लघवीची नळी यांच्या इन्फेक्शनचं महिन्याचं प्रमाण लावलेलं असतं. मेंदूच्या नळीचं नसतं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर म्हणाल्या की ते मोजतात, नळीच्या दर १,००० दिवसांमागे किती असं, पण फळ्यावर लावत नाहीत. लावायला हवं. डोक्याची नळी घेऊन येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना सगळ्यात आधी तोच आकडा हवा असतो. अभिप्रायाच्या फॉर्मवर मी दोन मागण्या लिहून दिल्या आहेत: हा आकडा फळ्यावर आणि औषधाची नळी रात्रीही कपाटात. मॅडमनी फॉर्म माझ्यासमोर वाचून कमिटीसमोर ठेवते म्हणून सांगितलं. टाके काढायला गेलो तेव्हा फळा तसाच होता. अण्णांच्या पुढच्या तपासणीच्या वेळी मी पुन्हा बघणार आहे आणि नळीबद्दल स्टोअरमध्ये जाऊन विचारणार आहे. जे उत्तर मिळेल ते इथे खाली जोडेन.